कुंडीतला गवती चहा आणि कुंडीखालची बशी

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. नात अडीच महिन्यांची आहे. आमचं घर सांगलीत तळमजल्यावर, पुढे ओटा आणि लहानसं अंगण. पावसाळा लागल्यापासून डासांनी नुसतं हैराण केलंय. कॉइल लावली की बाळ खोकतं, लिक्विडचं मशीन जावई लावू देत नाहीत. म्हणून नर्सरीतून गवती चहा, पुदिना, झेंडू, 'मॉस्किटो प्लँट' अशा अकरा कुंड्या आणून ओट्यावर ओळीनं मांडल्या. तुळस होतीच. दीड महिना झाला, डास कमी व्हायचं सोडाच, वाढलेत असंच वाटतंय. पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधली आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या मुलाला डेंग्यू निघाला, तेव्हापासून झोप उडाली आहे. हे नैसर्गिक उपाय खरंच चालतात का? बाळाला काय लावू?
– एक आजी, सांगली

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीनं मी दचकले, म्हणून आधी तेवढं सांगते. पुढचं वाचण्याआधी उठा आणि पाळण्याची कापराची पुरचुंडी सोडून घ्या. कापूर देवघरातला, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. पण लहान मुलाच्या पोटात तो जरासा जरी गेला तरी आकडी येऊ शकते, आणि नाकाशी असलेल्या त्याच्या उग्र वासानं तान्ह्या बाळाचा श्वास अडखळू शकतो. नात आज हाताला लागेल ते तोंडात घालत नसेल, पण महिना-दीड महिन्यात घालायला लागेल. निलगिरीच्या तेलाचंही तेच. रुमालावर दोन थेंब टाकून उशाशी ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. मोठ्या माणसाला ते चालतं, बाळाला चालत नाही. आणि कडुनिंबाचं तेल 'कडू म्हणजे औषधी' म्हणून कोणी बाळाला चाटवायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. त्यानं तान्ही बाळं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. या तिन्ही बाटल्या-पुड्या वरच्या फळीवर ठेवा.

आता कुंड्यांकडे येऊ.

मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि अजूनही माझ्या दारात गवती चहाचं बेट आहे, तेव्हा या झाडांविषयी मला किती माया आहे ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच ती जे करत नाहीत ते त्यांच्या नावावर खपवलेलं मला सोसत नाही. एक करून बघा. गवती चहाचं पातं न तोडता, न चोळता नुसतं नाकाजवळ घ्या. गवताचा वास येईल, जेमतेम. आता तेच पातं तोडून दोन बोटांत चुरगाळा (कडेनं बोट कापतं, जपून) आणि मग हुंगा. लिंबासारखा तो दणदणीत वास आत्ता आला. पानाच्या आत बारीक बारीक पेशींमध्ये तेल साठवलेलं असतं आणि पेशी फुटल्याशिवाय ते बाहेर पडत नाही. पुदिन्याचं, तुळशीचं, झेंडूच्या पानाचंही असंच. कुंडीत शांत उभं असलेलं झाड हवेत फारसं काही सोडत नाही.

आणि डास तुम्हाला शोधतो कसा, तेही लक्षात घ्या. चावते ती मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला लांबूनच लागतो, जवळ आली की घामाचा वास आणि अंगाची ऊब. पाळण्यात बाळ, शेजारी बाळंतीण, खुर्चीत तुम्ही, एवढी श्वास घेणारी माणसं असताना ओट्यावरच्या कुंड्यांच्या मंद वासाला ती कशाला जुमानेल? त्यात डासांचं रोजचं खाणं म्हणजे झाडांचा गोड रस आणि फुलांतला मध. नर तर तेवढ्यावरच जगतो. दिवसा ते पानांच्या सावलीत विसावतात. म्हणजे झेंडूच्या कुंडीत डास पळवायचा गुण किती हा प्रश्न बाजूलाच राहू दे, तिथं त्यांना सावली मिळते.

नर्सरीवाल्यानं 'मॉस्किटो प्लँट' म्हणून जे दिलं ते जिरेनियमच्या जातीचं झाड असणार, पानं नक्षीदार कातरलेली, चोळली की सिट्रोनेलासारखा वास. या झाडाची परीक्षा १९९०च्या दशकातच अमेरिका-कॅनडात घेतली गेली. माणसाच्या शेजारी कुंडी ठेवली काय, न ठेवली काय, डास तेवढेच चावले. काही डास तर त्याच झाडाच्या पानांवर बसलेले आढळले. तरी अजून ते त्याच नावानं विकलं जातं. तुम्ही भोळेपणानं घेतलंत असं मनात आणू नका. नातीसाठी जीव तुटतो तेव्हा माणूस हाती लागेल ते करून बघतं.

आता मुख्य गोष्ट. डास वाढलेत असं तुम्हाला वाटतंय, आणि मला वाटतं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अकरा कुंड्या ओट्यावर मांडल्यात, तर फरशी खराब होऊ नये म्हणून त्यांच्याखाली प्लास्टिकच्या बशा ठेवल्या असतील. पावसाचं आणि तुम्ही घालता ते पाणी झिरपून त्या बशांत साचतं. डेंग्यूचा डास, एडिस, गटारात अंडी घालत नाही. त्याला असंच स्वच्छ, उथळ, सावलीतलं साचलेलं पाणी लागतं. झाकणभर पाणीसुद्धा पुरतं.

आज तिन्हीसांजेच्या आत कुंड्या एकेक करून उचला आणि टॉर्च घेऊन बशीत बघा. पाण्याच्या वरच्या पातळीला शेपटाकडचं टोक टेकवून, डोकं खाली करून लोंबणाऱ्या बारीक काड्या दिसतील, नखाएवढ्याही नाहीत. तुमच्या हाताची सावली पडली की सगळ्या एकदम वळवळत तळाला जातील आणि थोड्या वेळानं श्वास घ्यायला पुन्हा वर येतील. त्या अळ्या. मध्येच स्वल्पविरामासारखे वाकडे, काळसर जीव दिसले तर ते कोष. त्यातून एक-दोन दिवसांत डास उडणार.

ते पाणी मोरीत किंवा गटारात ओतू नका, अळ्या तिथं जगू शकतात. अंगणातल्या कोरड्या मातीवर, उन्हात फेका. पण एवढ्यावर काम संपत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बशीच्या कडेला चिकटवते. काळी, खसखशीहूनही बारीक. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून बशी नुसती पालथी घालून चालत नाही, काथ्यानं कडा घासून धुवावी लागते. त्यानंतर बशा काढूनच टाका. फरशीची काळजी असेल तर बशीत काठोकाठ वाळू भरा; ओल राहील, पाणी साचणार नाही.

अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. आरोग्य खात्यानं आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायला सांगितलंय तो याच हिशेबानं. पाणी दिवसाआड येत असेल तर पिंपं, बादल्या भरून ठेवाव्याच लागतात, ते मला कळतं. पण पिंपाच्या तोंडाला जुन्या सुती साडीचं कापड दोरीनं करकचून बांधा, आणि आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून घासा. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, गच्चीवरची नारळाची करवंटी, वृंदावनाच्या कोनाड्यात राहिलेलं पाणी, हे सगळं बघा. महापालिकेची माणसं टाकीत औषध टाकायला आली तर त्यांना दारातून परत पाठवू नका.

मग सुगंधी वनस्पतींचा काहीच उपयोग नाही का? आहे. पण त्याला वेळेची आणि जागेची मर्यादा आहे, आणि ती कळली नाही तर त्याच्या भरवशावर राहून घात होतो.

धुरीचं घ्या. लहानपणी दिवेलागणीला आमच्या गोठ्यात आजी घमेल्यात गोवरीचा विस्तव करायची आणि त्यावर निर्गुडीचा, कडुनिंबाचा ओला पाला टाकायची. गुरं शेपटं हलवायची थांबायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. धुरानं डास दूर जातात, मरत नाहीत. शिवाय गोठा चारी बाजूंनी उघडा होता, धूर बाहेर जायला वाट होती. तोच धूर खोलीत, बाळाच्या फुप्फुसात गेला तर तो कॉइलच्या धुरापेक्षा वेगळा वागत नाही. पाला पवित्र असला तरी धूर हा धूरच. कॉइलचं तर मोजमापच झालंय. एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके भरले. बाळ खोकत होतं ते उगाच नव्हे. तुम्ही कॉइल बंद केलीत ते फार चांगलं केलंत. संध्याकाळी अंगणात बसायचं असेल तेव्हा वाऱ्याची दिशा बघून, बाळ आणि बाळंतीण आतल्या खोलीत, खिडकी लावलेली, अशा बेतानं पाल्याची धुरी खुशाल करा. बाळाच्या खोलीत मात्र ऊदसुद्धा नको. न्हाणं झाल्यावर बाळाला शेपा-वावडिंगाची धुरी द्यायची पद्धतही या वेळी सोडून द्या. घरातली कोणी वडीलधारी रागावली तर माझं नाव सांगा.

धुरीत आणखी एक अडचण आहे आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. आपण धुरी करतो तिन्हीसांजेला. त्या वेळी आणि रात्री कानाशी गुणगुणणारे डास बहुतेक क्युलेक्स, गटारातले. एडिस दिवसा चावतो, सकाळी ऊन वर येईपर्यंत आणि पुन्हा दुपार कलल्यापासून सूर्य मावळेपर्यंत त्याचा जोर असतो. काळा, पायांवर पांढरे पट्टे, अंगापिंडानं लहान, खाली घोट्यापाशी चावणारा. म्हणजे आपण रात्रीची सगळी तयारी करतो आणि बाळ सकाळी दहा वाजता उघड्या पाळण्यात झोपलेलं असतं.

आता तेल. गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल मोठ्या माणसांनी वापरायला हरकत नाही. (ही दोन्ही एकाच कुळातली गवतं, पण झाडं वेगळी.) नुसतं तेल कातडीला लावू नका, आग होते, चट्टे उठतात. ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे खोबरेल तेलात १० ते १२ थेंब घाला. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, लाल झालं नाही तरच पुढे जा. वास उतरला की परिणाम संपला असं समजा आणि तासाभरानं पुन्हा लावा. ओट्यावर बसून भाजी निवडायला, कपडे वाळत घालायला तेवढं पुरतं. कडुनिंबाच्या तेलाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याच देशातल्या संशोधकांनी १९९३ साली खोबरेलात २ टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून माणसांच्या अंगाला लावून पाहिलं, तर मलेरियाच्या अ‍ॅनोफिलिस डासांपासून रात्रभर बचाव झाला. पण तो मलेरियाचा डास. डेंग्यूच्या डासासाठी मी त्यावर विसंबणार नाही, शेजारी रुग्ण असताना तर नाहीच.

वनस्पतीपासून मिळणाऱ्यांपैकी ज्याच्यावर खरा भरवसा टाकता येतो ते म्हणजे लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून केलेलं, 'ऑइल ऑफ लेमन युकॅलिप्टस' किंवा 'पीएमडी' असं लिहिलेलं औषध. अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी त्याची शिफारस करते. किराणा दुकानातली निलगिरी तेलाची बाटली म्हणजे ते नव्हे. ते झाडही वेगळं आणि त्यातलं द्रव्यही वेगळं. आणि तेसुद्धा ३ वर्षांखालच्या मुलांना लावायचं नसतं.

'हर्बल' म्हणून मिळणाऱ्या डासांच्या अगरबत्त्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कॉइल बंद केल्यावर माणूस तिकडेच वळतो म्हणून सांगते. पुड्यावर कीटकनाशक म्हणून नोंदणी क्रमांक नसेल तर आत काय भरलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. नकोच.

लिक्विडच्या मशीनविषयी जावईबापूंची काळजी समजते. त्यातलं द्रव्य पायरेथ्रॉइड जातीचं. शेवंतीच्या जवळच्या एका फुलात पायरेथ्रम नावाचं द्रव्य असतं, कीटकांना मारणारं. त्याचीच नक्कल करून ही औषधं तयार झाली. म्हणजे त्याचं मूळ वनस्पतीतच आहे. त्यामुळे 'नैसर्गिक ते निर्धोक आणि बाटलीतलं ते विष' अशी सरळ वाटणी करता येत नाही, कापराचं वर पाहिलंतच. पण दारं-खिडक्या लावून रात्रभर मशीन चालू आणि आत अडीच महिन्यांचं बाळ, हे मलाही पटत नाही. अगदी गरज पडली तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना तास-दोन तास लावा, बंद करा, खोलीत वारं खेळू द्या आणि मग बाळाला आणा.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, बाळाला काय लावू. काही लावू नका. ना तेल, ना मलम, ना पाल्याचा रस. बाळाला मच्छरदाणी. पण ती दिवसासुद्धा, प्रत्येक झोपेला, हे पाळा. पाळण्यावर टाकायच्या छत्रीसारख्या जाळ्या मिळतात त्या बऱ्याचदा इतक्या आखूड असतात की बाळानं हात पसरला की जाळीला टेकतो, आणि डास बाहेरून जाळीतूनच चावतो. मोठी, आयताकृती घ्या, कडा गादीखाली खोचा, बाळ ठेवण्याआधी आत एखादा डास अडकलाय का ते हात फिरवून बघा. भोक असेल तर आजच शिवा. जागं असताना पातळ सुती, फिक्या रंगाचं, पूर्ण बाह्यांचं झबलं आणि पायमोजे. खिडक्यांना जाळ्या नसतील तर या महिन्यातला एक खर्च तिकडे वळवा. आणि पंखा. डासांना जोरात उडता येत नाही. पाळण्यावर थेट झोत न येईल असा, पण खोलीत वारं हलतं राहील असा पंखा असला की त्यांना बसणं अवघड जातं.

बाळंतिणीनं तेल लावायचंच तर पायांना, घोट्यापासून पोटरीपर्यंत. हातांना, छातीला, गळ्याला नाही. बाळ दिवसभर तिथंच बिलगलेलं असतं, चोखतं. डॉक्टरांना विचारून दुकानातलं मलम वापरायचं ठरलं तरी जागा हीच.

शेजारच्या मुलाचं कळलं तेव्हापासून झोप उडाली म्हणता. एडिस फार लांब उडत नाही, बहुतेक करून जन्मल्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे त्या मुलाला चावलेला डास तुमच्या आणि त्यांच्या आवारातलाच असण्याची शक्यता मोठी. ताप असेपर्यंत त्या मुलाला डास चावला तर विषाणू डासात जातो, आठ-दहा दिवसांनी तो डास दुसऱ्याला आजार देऊ शकतो आणि मरेपर्यंत देत राहतो. त्यामुळे त्या घरी पेज किंवा फळं घेऊन जाल तेव्हा मुलाला दिवसा मच्छरदाणीत झोपवायला सांगा. त्यात त्याचा काही दोष आहे असं वाटू देऊ नका. आईच्या जिवाला आधीच घोर लागलेला असेल.

घरात कोणाला ताप आला तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अशा गोळ्या आपल्या मनानं देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरला की माणूस निश्चिंत होतं, पण धोक्याचे दिवस नेमके तिथून सुरू होतात. पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका. नातीचं मात्र वेगळं. तीन महिन्यांखालच्या बाळाचं अंग १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेलं तर कारण काहीही असो, त्याच घटकेला बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचं.

कुंड्या फेकू नका बरं का. गवती चहा आल्याबरोबर चहात टाका, पुदिन्याची चटणी करा, झेंडू दसऱ्याच्या तोरणाला होतील. बशा तेवढ्या काढा. आणि रविवारी सकाळी शेजारच्या दोन-तीन घरांना हाक मारून सगळ्यांनी एकाच दिवशी पिंपं पालथी घालायचं ठरवा, कारण तुमचं अंगण कोरडं आणि भिंतीपलीकडे टायरात पाणी असेल तर तो डास तुमच्याच पाळण्यापाशी येणार. टॉर्च लावून बशीत काय दिसलं ते मला जरूर कळवा.